जुना यूएसबी प्रिंटर घरातील वायफायवर कसा आणावा

घरात प्रिंटर एकच असतो, तो एकाच संगणकाला यूएसबी केबलने जोडलेला असतो आणि छापायचे कागद मात्र हल्ली बहुतेक वेळा मोबाइलवर येतात. सातबाऱ्याचा उतारा, मुलांच्या शाळेचा प्रकल्प, दुकानाची बिले, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका हे सगळे आधी व्हॉट्सॲपवरून किंवा पेनड्राइव्हमधून त्या एका संगणकावर न्यायचे, तो सुरू होईपर्यंत थांबायचे आणि मग छापायचे, हा उपद्व्याप सोलापुरातल्या अनेक घरांना परिचयाचा आहे. पूर्व भागात ज्या घरांची रचना खाली यंत्रमाग व हिशेबाची खोली आणि वर राहते घर अशी आहे, तेथे तर एका कागदासाठी जिना उतरावा लागतो. यावर नवा वायफाय प्रिंटर घेणे हा एकच उपाय नाही. चांगला चालणारा जुना प्रिंटर आहे तसा ठेवून त्याच्यापाशी एक छोटा प्रिंट सर्व्हर बसवला, तर घरातील प्रत्येक फोनवरून आणि लॅपटॉपवरून छपाई करता येते. राउटरचा पासवर्ड बदलण्यापलीकडे नेटवर्कचे कोणतेही काम ज्यांनी केलेले नाही, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रिंट सर्व्हर म्हणजे एका बाजूने प्रिंटरला केबलने आणि दुसऱ्या बाजूने घरातील वायफायला जोडलेले, सतत चालू राहणारे उपकरण. फोन किंवा लॅपटॉप छपाईचे काम त्याच्याकडे पाठवतो, ते उपकरण आलेली कामे रांगेत लावते आणि एकेक करून प्रिंटरला देते. या व्यवहाराला इंटरनेट लागत नाही, फक्त घरातील राउटर चालू असावा लागतो. इंटरनेट बंद पडल्यावर छपाई बंद पडेल, ही भीती त्यामुळे निराधार आहे.

काहीही विकत घेण्यापूर्वी

बिनतारी जोडणी हा या कामातला सोपा भाग आहे. खरी अडचण प्रिंटरच्या आत असते, म्हणून पहिली पायरी बाजारात जाण्याची नसून प्रिंटर उलटा करून त्याच्या मागच्या किंवा खालच्या बाजूच्या चिकटपट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर उतरवून घेण्याची आहे.

काही प्रिंटर स्वतः शहाणे असतात. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टसारखी छपाईची भाषा त्यांना कळते आणि पानाचे वर्णन मिळाले की पानाची आकृती ते स्वतःच तयार करतात. असे प्रिंटर जवळजवळ कोणत्याही प्रिंट सर्व्हरबरोबर नांदतात. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे होस्टवर (जोडलेल्या संगणकावर) अवलंबून असलेल्या, स्वस्त लेसर प्रिंटरांचे तसे नसते. सोलापुरी चादरीच्या मागाला जसे नक्षीतले फूल माहीत नसते आणि प्रत्येक धोट्याला कोणते धागे उचलायचे हे जॅकार्डची पत्तीच सांगते, तसे या प्रिंटरला अक्षर किंवा चित्र माहीत नसते. प्रत्येक ओळीत कोठे ठिपका द्यायचा हे संगणकातल्या ड्रायव्हरने, म्हणजे त्या प्रिंटरसाठीच्या सॉफ्टवेअरने, सांगावे लागते. आपल्याकडे घरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारे कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेसरजेट १०२० हे दोन्ही याच जातीचे आहेत. त्यांतही लेसरजेट १०२० ची आणखी एक खोड आहे: प्रिंटर बंद केला की त्याच्यातले फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, पुसले जाते आणि चालू केल्यावर ते संगणकाकडून पुन्हा घ्यावे लागते. आपल्या प्रिंटरची जात कोणती आहे, यावरून पुढील मार्गांपैकी कोणता निवडायचा हे ठरते. किंमत पाहून उपकरण आधी घेणे आणि मॉडेल नंतर तपासणे हा पैसे वाया घालवण्याचा खात्रीचा रस्ता आहे.

प्रिंटरला मागच्या बाजूने नेटवर्क केबलचे भोक असेल, तर मात्र एवढा विचार करण्याचे कारणच नाही. तो प्रिंटर साध्या लॅन केबलने राउटरला जोडावा, म्हणजे तो वायफायवरील सर्वांना दिसू लागतो. कार्यालयातून निवृत्त होऊन घरी आलेल्या अनेक प्रिंटरांना हे भोक असते आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते.

कोणता मार्ग घ्यावा

पहिला मार्ग राउटरच्या यूएसबी भोकाचा. काही राउटरांना असे भोक असते आणि त्यात प्रिंटर जोडता येतो, परंतु ते केवळ पेनड्राइव्हसाठी आहे की प्रिंटरसाठीही, हे राउटरच्या माहितीपत्रकात पाहावे लागते. टीपी-लिंकच्या काही राउटरांवर यासाठी प्रत्येक संगणकात वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते, प्रिंटर एका वेळी एकाच संगणकाच्या ताब्यात जातो आणि फोनवरून छपाई होत नाही. दोन लॅपटॉपांच्या घराला हे पुरते. ज्या घराला मुख्यतः मोबाइलवरून छापायचे आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरा मार्ग तयार मिळणाऱ्या प्रिंट सर्व्हरच्या डबीचा. ही डबी आलेला मजकूर न बदलता प्रिंटरला पुढे देते, म्हणून शहाण्या प्रिंटरला ती चालते आणि होस्टवर अवलंबून असलेल्या प्रिंटरशी तिचे बहुधा जमत नाही. उत्पादक आपल्या डबीबरोबर चालणाऱ्या प्रिंटरांची यादी प्रसिद्ध करतात. त्या यादीत आपले मॉडेल अक्षरशः तेच सापडले तरच डबी घ्यावी. मिळतेजुळते नाव पाहून घेऊ नये.

तिसरा मार्ग म्हणजे विंडोजचा संगणक चालू ठेवून त्याचा प्रिंटर सामायिक करणे. यात खर्च शून्य आहे, कॅनन एलबीपी २९०० सारख्या हट्टी प्रिंटरला तर हाच मार्ग बरा, कारण कॅननने लिनक्स या मोफत संगणक प्रणालीसाठी दिलेला त्याचा ड्रायव्हर इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी आहे आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातल्या एआरएम प्रोसेसरवर तो चालत नाही. ज्यांना हा प्रिंटर तरीही लिनक्सवर चालवायचा आहे, त्यांनी जुन्या, पडून असलेल्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती टाकून पुढील सर्व कृती त्या लॅपटॉपवर करावी. लॅपटॉपची बॅटरी थोडी जरी जिवंत असली, तरी वीज गेल्यावर ती उपयोगी पडते.

चौथा मार्ग रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कप्स नावाची छपाई व्यवस्था बसवण्याचा. बाकीच्या घरांसाठी मी हाच सुचवतो आणि पुढचे विवेचन त्याचेच आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्सचे काम सुरू केले, १९९९ मध्ये ती वापरात आली आणि २००७ मध्ये ॲपलने तिचे हक्क घेतले. मॅक आणि लिनक्स या दोन्हींवरची छपाई गेली अनेक वर्षे तिच्यावर चालत आली आहे. तयार डबीपेक्षा तिचा मोठा फायदा असा की ड्रायव्हर सर्व्हरमध्येच राहतो. फोनने साधे पान पाठवायचे, त्याचे ठिपक्यांत रूपांतर सर्व्हरने करायचे, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे प्रत्येक फोनमध्ये प्रिंटर कंपनीचे वेगळे ॲप टाकावे लागत नाही.

इंटरनेटवर शोधताना गूगल क्लाउड प्रिंट वापरा असा सल्ला देणारे जुने लेख अजून सापडतात. ती सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली आहे, त्यामुळे तो सल्ला सोडून द्यावा.

साहित्य

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हे मॉडेल या कामाला पुरेसे आहे. जुना रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हाताशी असेल तर तो अधिक सोयीचा, कारण त्याला यूएसबीची नेहमीची मोठी भोके असतात. याशिवाय चांगल्या कंपनीचे १६ किंवा ३२ जीबीचे मायक्रो एसडी कार्ड, ५ व्होल्ट व २.५ अँपिअरचा अडॅप्टर, मायक्रो यूएसबीची ओटीजी केबल आणि प्रिंटरची नेहमीची यूएसबी केबल लागते. कार्ड, अडॅप्टर आणि ओटीजी केबल नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानांत सहज मिळावी; पाय मात्र बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो. अडॅप्टरच्या बाबतीत काटकसर करू नये. जुन्या फोनचा १ अँपिअरचा चार्जर लावला की पाय सुरू तर होतो, पण छपाईच्या मध्येच बंद पडतो आणि दोष प्रिंटरला दिला जातो.

झीरो २ डब्ल्यूवर दोन मायक्रो यूएसबी भोके शेजारी शेजारी असतात आणि नवशिक्यांचा पहिला घोटाळा तेथेच होतो. पटलाच्या कोपऱ्याकडचे भोक फक्त विजेसाठी असते, आतले भोक माहितीसाठी असते, आणि त्यांच्याजवळ अगदी बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते. ओटीजी केबल आतल्या भोकात लावावी. ती चुकून विजेच्या भोकात गेली, तर कोणतेही यंत्र बिघडत नाही, पण सर्व्हरला प्रिंटर दिसतच नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हर बदलत बसतो.

कार्ड तयार करणे

आपल्या नेहमीच्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे आणि कार्ड वाचकात कार्ड घालावे. सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पायचे मॉडेल, रास्पबेरी पाय ओएस लाइट ही प्रणाली आणि ते कार्ड निवडावे. लाइट घेण्याचे कारण असे की या सर्व्हरला पडदा किंवा माउस लागणार नाही आणि झीरो २ डब्ल्यूची स्मृती ५१२ एमबीच आहे.

लिहिणे सुरू करण्यापूर्वी सॉफ्टवेअर काही गोष्टी आधी भरण्याची सोय देते आणि ही माहिती काळजीपूर्वक भरली की पुढचे निम्मे काम वाचते. सर्व्हरला एक साधे नाव द्यावे. या लेखापुरते आपण ते ‘छपाई’ असे धरू, अर्थात ते रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता भरायचे आहे. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड ठरवून वहीत लिहून ठेवावा. वायफायचे नाव व पासवर्ड देताना लहानमोठी अक्षरे राउटरवर जशी आहेत तशीच द्यावीत आणि वायफायचा देश म्हणून भारत निवडावा. येथे एक अट लक्षात ठेवावी की झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय कळते, राउटरवर २.४ आणि ५ अशी दोन वेगळी नावे असतील, तर २.४ चे नाव द्यावे. शेवटी एसएसएच ही दुरून आज्ञा देण्याची सोय चालू करावी आणि कार्ड लिहून घ्यावे. कार्ड पायमध्ये घालून वीज दिल्यावर पहिल्यांदा काही मिनिटे जातात. तेवढा वेळ वीज काढू नये.

कप्स बसवणे

विंडोज १० किंवा ११ वर कमांड प्रॉम्प्ट उघडावा, मॅकवर टर्मिनल. पुढे दिलेल्या आज्ञा रोमन लिपीत टंकित करायच्या आहेत आणि जेथे वेगळे सांगितले नाही तेथे सर्व अक्षरे लहानच ठेवायची आहेत. सर्वप्रथम ‘एसएसएच’ लिहून, एक जागा सोडून, आपले वापरकर्तानाव, त्याला लागून ॲट हे चिन्ह, त्याला लागून सर्व्हरचे नाव आणि शेवटी ‘डॉट लोकल’ लिहावे. पहिल्या वेळी ओळख पटवण्याचा प्रश्न येतो, त्याला ‘येस’ असे उत्तर द्यावे. पासवर्ड टंकित करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कळफलक बिघडलेला नाही, ती पद्धतच तशी आहे.

आत गेल्यावर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ या आज्ञांनी प्रणाली अद्ययावत करावी, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कप्स’ या आज्ञेने छपाई व्यवस्था बसवावी. त्यानंतर आपल्या वापरकर्त्याला छपाईच्या व्यवस्थापनाचा अधिकार द्यायचा असतो. त्यासाठी ‘सुडो यूजरमॉड’, मग उणे चिन्हाला जोडून लहान ए व मोठे जी, मग ‘एलपीॲडमिन’ आणि शेवटी आपले वापरकर्तानाव, असे चार तुकडे मध्ये एकेक जागा सोडून लिहावेत. मोठे जी चुकून लहान झाले की आज्ञेचा अर्थच बदलतो. शेवटची आज्ञा ‘सुडो कप्ससीटीएल’ ही आहे आणि तिच्यापुढे दोन पर्याय येतात: ‘रिमोट-ॲडमिन’ आणि ‘शेअर-प्रिंटर्स’. या दोन्हींच्या आधी जोडून दोन दोन उणे चिन्हे द्यावीत. पहिल्या पर्यायाने व्यवस्थापनाचे पान घरातील दुसऱ्या संगणकावरून उघडता येते, दुसऱ्याने प्रिंटर घरातील सर्वांना दिसू लागतो.

‘रिमोट-एनी’ हा तिसरा पर्यायही अनेक जण सुचवतात. त्याने घरच्या नेटवर्कबाहेरचे पत्तेही कप्सला चालू लागतात. साध्या घरगुती मांडणीत त्याची गरज नाही आणि मी तो देत नाही.

ड्रायव्हर प्रिंटरच्या कंपनीप्रमाणे घ्यायचे असतात. एचपीसाठी एचपीलिप, ब्रदरच्या बऱ्याच लेसर प्रिंटरांसाठी बीआरलेसर, एप्सनच्या एल मालिकेतील बऱ्याच शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांसाठी ईएससीपीआर आणि इतर अनेक इंकजेटांसाठी गुटनप्रिंट, हे सर्व ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ पुढे त्यांच्या संचाचे नाव देऊन बसवता येतात. एचपी लेसरजेट १०२० असेल, तर एचपीलिपनंतर ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा देऊन कंपनीची जास्तीची फाइल उतरवावी, कारण प्रिंटर चालू होताना त्याला लागणारे फर्मवेअर त्यात असते. हे एकदा नीट बसले की वीज जाऊन आल्यावर सर्व्हर ते फर्मवेअर आपोआप पाठवतो.

प्रिंटरची नोंद

आता प्रिंटर सर्व्हरला जोडून चालू करावा आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘एचटीटीपीएस’ ने सुरू होणारा, सर्व्हरचे नाव व डॉट लोकल असलेला पत्ता लिहून त्याच्या शेवटी कोलन आणि ६३१ हा आकडा द्यावा. हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचा क्रमांकित दरवाजा, आयपीपी या छपाईच्या नियमावलीसाठी राखलेला आहे. ब्राउझर जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा देईल. प्रमाणपत्र आपल्याच सर्व्हरने स्वतः बनवलेले असल्यामुळे असे होते. आपल्याच घरातल्या यंत्राशी आपण बोलत आहोत याची खात्री असल्याने येथे पुढे जाण्यास हरकत नाही.

‘ॲडमिनिस्ट्रेशन’ या पानावर ‘ॲड प्रिंटर’ निवडून वापरकर्तानाव व पासवर्ड दिला की स्थानिक प्रिंटरांच्या यादीत आपला प्रिंटर नावासकट दिसायला हवा. तो दिसत नसेल तर पुढे जाऊ नये, केबल आणि ते आतले भोक पाहावे. दिसल्यास निवडावा आणि त्याला रोमन लिपीत, जागा न सोडता छोटे नाव द्यावे. ‘शेअर धिस प्रिंटर’ या चौकटीत खूण करण्यास विसरू नये; ही खूण राहिली की सर्व्हरवरून चाचणी पान निघते आणि फोनला मात्र प्रिंटर दिसत नाही. त्यानंतर मॉडेलच्या यादीतून अचूक मॉडेल निवडावे. ड्रायव्हरची ही पद्धत कालबाह्य होत असल्याची सूचना आली, तर घाबरू नये. कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीची ती पूर्वसूचना आहे, आज बसवलेली व्यवस्था त्यामुळे बंद पडत नाही.

यानंतरच्या पानावर दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली कागदाच्या आकाराची. काही ड्रायव्हर अमेरिकन लेटर हा आकार गृहीत धरतात, तो २१५.९ गुणिले २७९.४ मिलिमीटर असतो आणि आपला ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर. हा फरक दुरुस्त केला नाही, तर काही प्रिंटर कागद भरलेला असूनही कागदाचा दिवा लुकलुकवत उभे राहतात, काही प्रिंटर छापतात पण सातबाऱ्याच्या तळाची ओळ कापतात. आकार ए४ करून बदल जतन करावा. दुसरी गोष्ट ‘एरर पॉलिसी’ या नावाखाली असते. तेथे ‘स्टॉप प्रिंटर’ असेल, तर छपाई चालू असताना वीज गेल्यावर कप्स ती रांगच थांबवून ठेवते आणि वीज आल्यानंतरही कोणी येऊन चालू करेपर्यंत ती थांबलेली राहते. वीज अधूनमधून जाते अशा घरात तेथे ‘रिट्राय जॉब’ निवडणे शहाणपणाचे आहे.

‘मेंटेनन्स’च्या यादीतून चाचणी पान काढावे. ते कागदावर नीट उमटेपर्यंत फोन हातात घेऊ नये. सर्व्हर आणि प्रिंटर यांचे जमले आहे हे एकदा कळले की पुढे बिघडेल ते नेटवर्कचेच, एवढी गोष्ट पक्की होते.

पत्ता कायमचा करणे

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक अंकी पत्ता देतो आणि तो कधीही बदलू शकतो. सर्व्हरचा पत्ता बदलला की विंडोजमधला प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन, जे बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असते आणि जिओच्या राउटरांवर १९२.१६८.२९.१ वर असते, डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा तशा नावाच्या विभागात सर्व्हरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, शोधावा आणि त्याला एक पत्ता राखून ठेवावा. पायच्या आत जाऊन पत्ता बांधण्याचीही रीत आहे, परंतु राउटर बदलल्यावर ती अडचणीची ठरते.

फोन आणि संगणक

आयफोन व आयपॅडला काहीच करावे लागत नाही. २०१० पासून त्यांच्यात एअरप्रिंट आहे आणि कप्सने सामायिक केलेला प्रिंटर छपाईच्या यादीत आपोआप येतो. आठव्या आवृत्तीपासूनच्या अँड्रॉइड फोनमध्ये डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस अंगभूत असते. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटिंग’ असा शोध घेऊन ती चालू असल्याची खात्री करावी. तरीही प्रिंटर दिसला नाही, तर प्ले स्टोअरवरून मोप्रिया प्रिंट सर्व्हिस टाकावी. मॅकवर प्रिंटर जोडण्याच्या चौकटीत तो थेट दिसतो.

विंडोजवर सेटिंग्जमधून प्रिंटर जोडण्याच्या पानावर तो सापडला तर उत्तम, नाही सापडला तर स्वतः नाव देऊन जोडण्याचा पर्याय घ्यावा आणि पत्ता म्हणून ‘एचटीटीपी’ ने सुरू करून सर्व्हरचा अंकी पत्ता, कोलन, ६३१, तिरकी रेघ, ‘प्रिंटर्स’, तिरकी रेघ आणि आपण दिलेले प्रिंटरचे नाव लिहावे. ड्रायव्हर विचारल्यास मायक्रोसॉफ्टचा आयपीपी क्लास ड्रायव्हर निवडावा.

मराठी मजकुराबाबत एक वेगळी अडचण येते आणि तिचा दोष प्रिंट सर्व्हरवर ढकलला जातो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेली वर्ड फाइल फोनवर उघडली की अगम्य चिन्हे दिसतात आणि तशीच छापली जातात, कारण तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. ज्या संगणकावर फॉन्ट आहे, तेथेच फाइलची पीडीएफ करावी, मग ती घरातील कोणत्याही फोनवरून बिनधास्त छापावी. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड पत्रिकाही घरोघरी छापल्या जातात. त्यांनाही हाच नियम लागू आहे.

दोन राउटरांचे घर

सर्व काही बरोबर करूनही फोनला प्रिंटर दिसत नसेल, तर घरात राउटर किती आहेत हे आधी मोजावे. फायबरची जोडणी देताना कंपनी स्वतःचे वायफाय असलेले यंत्र बसवते, ते बहुधा दारापाशी असते. आतल्या खोल्यांत सिग्नल पोहोचत नाही म्हणून आपण आणखी एक राउटर विकत आणतो आणि त्याला केबलने जोडतो. हा दुसरा राउटर आपले स्वतंत्र नेटवर्क उभारतो. फोन एकावर आणि प्रिंट सर्व्हर दुसऱ्यावर असला की दोघांनाही इंटरनेट मिळते, पण छपाईची जाहिरात भिंतीपलीकडे जात नाही, कारण उपकरणे एकमेकांना शोधण्याची एमडीएनएस ही पद्धत एकाच नेटवर्कच्या आत चालते. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचा ‘राउटर मोड’ बदलून ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ करावा. मग दोन्ही वायफाय एकाच नेटवर्कची दारे होतात. ज्या राउटरवर असा पर्याय नसेल, त्यावर सर्व्हर आणि रोज छापणारे फोन निदान एकाच नावाच्या वायफायवर ठेवावेत.

पाहुण्यांसाठीचे गेस्ट वायफाय असेच करते, आणि तेथे तो दोष नसून हेतू असतो. राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल, तर तेही आपल्या मुख्य वायफायवर बंद करावे.

सिग्नलच्या बाबतीत सर्व्हर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा शटरच्या आड ठेवू नये. जाड दगडी भिंतींच्या जुन्या घरांत २.४ गिगाहर्ट्झच ५ पेक्षा लांब पोहोचतो, त्यामुळे झीरो २ डब्ल्यूची मर्यादा तेथे अडचण ठरत नाही. प्रिंटर दूर आहे म्हणून यूएसबी केबल वाढवत नेऊ नये. ५ मीटरपलीकडे ती विश्वासाची राहत नाही. केबल आखूड ठेवून सर्व्हरच प्रिंटरपाशी न्यावा.

वीज आणि उन्हाळा

लेसर प्रिंटर घरच्या छोट्या यूपीएसवर कधीही लावू नये. त्यातला फ्यूजर रोलर तापताना शेकडो वॅट वीज एकदम ओढतो आणि यूपीएस बीप करून बंद पडतो, क्वचित खराबही होतो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या सॉकेटवर ठेवावा. पायला मात्र बॅकअप द्यावा. अचानक वीज गेल्यावर प्रिंटरचे फारसे बिघडत नाही, पण त्या क्षणी कार्डवर काही लिहिले जात असेल, तर कार्डातली प्रणाली खराब होऊ शकते. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसना अनेकदा ५ व्होल्टचे यूएसबी भोकही असते. त्याची क्षमता पाहून राउटर आणि पाय दोन्ही त्यावर चालवता येतात.

ज्यांना बॅकअप नको, त्यांच्यासाठी ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ या आज्ञेच्या कार्यक्षमतेच्या विभागात ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ हा पर्याय आहे. तो चालू केल्यावर कार्डावर काहीच लिहिले जात नाही. सर्व मांडणी पूर्ण होऊन काही दिवस सुरळीत चालल्यावरच तो चालू करावा, कारण त्यानंतर केलेला कोणताही बदल पाय पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. अद्ययावतीकरण करायचे असेल तेव्हा तो आधी बंद करावा लागतो.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त उष्मा असतो. पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे स्वतःची गती कमी करतो, म्हणून तो बंद डब्यात किंवा प्रिंटरच्या गरम हवेच्या जाळीसमोर ठेवू नये. माग असलेल्या घरात सुताचे तंतू सगळीकडे बसतात, तेव्हा प्रिंटरवर कापड आणि पायला साधी जाळीची पेटी असावी. शाईचा प्रिंटर असेल, तर कोरड्या हवेत नोझल वाळू नयेत यासाठी आठवड्यातून एखादे रंगीत पान छापत राहावे.

बाहेरून छापण्याचा मोह

कार्यालयातून घरच्या प्रिंटरवर छापता यावे, म्हणून राउटरवर ६३१ हा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. इंटरनेटवर उघडा पोर्ट शोधणारे प्रोग्राम अखंड फिरत असतात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सशी संबंधित घटकांतल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या तेव्हा मुख्य धोका अशा उघड्या ठेवलेल्या यंत्रांनाच होता. बाहेरून छापणे खरेच गरजेचे असेल, तर घरच्या नेटवर्कसाठी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येण्याची सुरक्षित खासगी वाट, बसवून त्यातून यावे. पायवर महिन्यातून एकदा ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ चालवण्याची सवय ठेवावी.

छपाई अडली तर

तपासणी नेहमी प्रिंटरकडून फोनकडे करत यावी, फोनकडून प्रिंटरकडे नाही. प्रिंटर चालू आहे आणि त्याला कागद आहे का. कप्सच्या पानावर तो ‘आयडल’ दिसतो की ‘पॉज्ड’. चाचणी पान निघते का. लॅपटॉपवरून निघते का. आणि सगळ्यात शेवटी फोन. ‘पॉज्ड’ दिसल्यास ‘मेंटेनन्स’च्या यादीतून ‘रिझ्यूम प्रिंटर’ निवडावे. पानावर अगम्य चिन्हांच्या ओळी येत असतील आणि एकेका ओळीसाठी एकेक कागद बाहेर पडत असेल, तर ड्रायव्हर चुकीचा आहे. रांगेतली कामे लगेच रद्द करावीत, नाहीतर अर्धे रीम संपते. पहिले पान छापले जाते आणि मोठ्या पीडीएफला फार वेळ लागतो, असे झाले तर ती झीरो २ डब्ल्यूच्या स्मृतीची मर्यादा आहे. फोटोंनी भरलेली प्रकल्पवही पाच-पाच पाने करून पाठवावी.

ऑल-इन-वन प्रिंटरचे स्कॅनिंग या मांडणीत आपोआप येत नाही, कारण कप्स फक्त छपाई पाहते. स्कॅनिंगसाठी त्याच पायवर सेन नावाची वेगळी व्यवस्था बसवता येते. तोपर्यंत स्कॅन करायचे असेल, तेव्हा यूएसबी केबल पायमधून काढून लॅपटॉपला लावावी आणि काम झाल्यावर ती पुन्हा आतल्याच भोकात परत लावावी.